तलपुये, कुकवस्तदी

पूर्णा स्टेशनच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये शिवकन्या आपल्या सासरचा मंत्र पुटपुटत बसली होती, तेव्हा समोरच्या बाकावरची अनोळखी बाई उठली आणि तिने जाऊन दार लावलं. परत येऊन बसली, मग वाकून बाकाखाली पाहिलं. "दरवाजा तो लगा दी मैं," ती म्हणाली, "पन कुत्ता किधर है, अम्मा?" शिवकन्येने आजूबाजूला पाहिलं. कुत्रं नव्हतं. तिने कुत्र्याचं नावही काढलेलं नव्हतं. ती फक्त उजळणी करत होती, कारण रविवारी हैदराबादेत तिच्या मुलाचं, आदिनाथचं लग्न होतं आणि मंगळवारी परभणीच्या घरात सून येणार होती. सुनेच्या कानात सासूने तो मंत्र सांगायचा, ही तिच्या नवऱ्याच्या, दिनकररावांच्या घराण्याची तीन पिढ्यांची रीत. तेहतीस वर्षांपूर्वी तिने तो ऐकला होता. आता सांगायची पाळी तिची होती, आणि तीस वर्षं वर्गात शिकवूनही तिला त्या दोन शब्दांची धास्ती वाटत होती. बाईने समजावलं, की तुम्हीच तर आता म्हणालात. निजामाबादकडे जाणारी बाई होती, मांडीवर स्टीलचा डबा. "तलुपु वेय्यी, कुक्क वस्तदी. दरवाजा लगाव, कुत्ता आता, करके." मग कौतुकाने हसून तिने विचारलं, तेलुगू येते का तुम्हाला, उच्चार जरा खेड्यातला आहे पण गोड आहे. शिवकन्या नाही म्हणाली. तेवढ्यात परभणीची गाडी लागली आणि शिवकन्या उठली. दार उघडून जावं लागलं.

गाडीत खिडकी मिळाली. मांडीवरच्या पिशवीत लग्नपत्रिकांचा उरलेला गठ्ठा होता. पूर्णेतल्या नातेवाइकांना वाटून सतरा पत्रिका उरल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीवर, गणपतीच्याही वर, सोनेरी वेलबुट्टीत छापलं होतं: ॥ तलपुये कुकवस्तदी ॥. ही दिनकररावांची कल्पना. सगळे कुलस्वामीचं नाव टाकतात, आपल्याकडे स्वतःचा मंत्र आहे तर तो का नको, असं त्यांचं म्हणणं. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस एकदा काही ठरवतो तेव्हा त्याला खंड पडत नाही. अशा अडीचशे पत्रिका निजामाबादेत व्याह्यांकडे गेल्या होत्या. व्याही तेलुगू, त्यांचे सगळे पाहुणे तेलुगू, हिंदी सगळ्यांना वाचता येतं. म्हणजे अडीचशे तेलुगू घरांत सध्या एक सोनेरी सूचना पडली होती, की दार लावा, कुत्रं येतंय, आणि खाली आपल्या आगमनाचे इच्छुक म्हणून शिवकन्येचं नाव होतं.

मिरखेलला गाडी उगीच थांबली. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. तिला हसू यायला हवं होतं असं तिला वाटलं. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट असती तर तिने स्टाफरूममध्ये ती अशी रंगवून सांगितली असती की चहा थंड झाला असता. पण ही तिच्याच घरची होती. मंत्र कानातला होता. बायकांनी बायकांना सांगायचा, पुरुषांना फक्त ठाऊक की असा एक मंत्र आहे. त्याला कानातून काढून कागदावर आणलं होतं तिनेच. 'कुंकवाची वस्ती: एका कुलमंत्राचा भाषिक अभ्यास', पाने पंधरा, तळटीपा सत्तावीस. मराठी विभागप्रमुख म्हणून तिचा तो एकमेव लेख, जो कुणी तरी वाचला होता. तलपुये म्हणजे तळपत ये. कुकवस्तदी म्हणजे कुंकवाची वस्ती दे. सुने, तळपत ये आणि या घराला कुंकवाची वस्ती दे. यादवकाळापर्यंत नेऊन भिडवला होता तिने तो. मधला अनुस्वार कुठे गेला यावर एक अख्खी तळटीप होती. चर्चासत्रात लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल मिळाली, आणि अध्यक्ष म्हणाले होते की मौखिक परंपरेचं सोनं बाईंनी हुडकून काढलं. शाल अजून कपाटात होती. तिच्यात लोकर कमी आणि नायलॉन जास्त, हे पहिल्या थंडीतच कळलं होतं.

खरं तर वाईट शालीचं नव्हतं. वाईट त्या तेहतीस वर्षांपूर्वीच्या संध्याकाळचं होतं. सेलूच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस असलेल्या माणसाची पोर, एम.ए. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन पूर्णेच्या त्या पत्र्याच्या घरासमोर उभी. पायाला गाडीची कंपनं अजून जाणवतायत, डोक्यावरून पदर घसरतोय, आणि सगळे अनोळखी. केशरबाई, सासू, पुढे आल्या. कानाला तोंड लावलं. मिश्रीचा आणि लवंगेचा वास. गरम श्वास. तलपुये, कुकवस्तदी. शिवकन्येच्या मानेवर काटा आला होता. माहेरी कुणी तिच्या कानात कधी काही सांगितलं नव्हतं. तिथे सगळं मोठ्याने सांगायचे. मग केशरबाईंनी दाराची फळी अर्धी लोटली आणि म्हणाल्या, लाव हात. कुंकवाच्या पाण्यात बुडवलेला पंजा तिने फळीवर उमटवला. पाचही बोटं. एवढंच. पण त्या क्षणी तिला वाटलं की आपण एका फार जुन्या गोष्टीत शिरलो. नवरा आवडेल की नाही हे ठरायचं होतं, घर आवडणार नव्हतं हे ठरलेलंच होतं, पण ते दोन शब्द तिचे झाले होते. पुढे दिनकररावांशी बोलणं नसलेल्या दिवसांत, आदिनाथच्या आधीचं बाळ गेलं तेव्हा, भाजी चिरताना, पेपर तपासताना, ती ते शब्द जिभेखाली धरून ठेवायची. आता त्यांचा अर्थ कळला होता. अर्थ कळल्यावर वस्तू स्वच्छ दिसते असं ती मुलांना शिकवायची. मुलांना बरंच काही शिकवलं होतं.

फळी अर्धी लोटायची. पिंगळी गेल्यावर हे तिच्या डोक्यात आलं आणि ती खिडकीपासून मागे सरकली. पंजा भिंतीवर का नाही, चौकटीवर का नाही, फळीवरच का, आणि ती आधी अर्धी लोटायची कशाला, हा प्रश्न सत्तावीस तळटीपांत कुठेच नव्हता. दार लाव म्हटल्यावर हात दाराकडे जातो. जीभ विसरली होती, हात विसरला नव्हता. तिने पिशवीवरचा स्वतःचा हात पाहिला. साधा हात होता, खडूने कोरडा पडलेला.

परभणीचं स्टेशन येईपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं. मंत्र बंद. लेखाचं कुणी आता काही करू शकत नाही, पत्रिका गेल्या त्या गेल्या, पण मंगळवारी दारात उभं राहून एका तेलुगू पोरीच्या कानात आपण कुत्र्याची बातमी सांगणार नाही. मंजुषा, म्हणजे होणारी सून, हैदराबादेत आदिनाथच्याच कंपनीत होती. आदिनाथ सहा वर्षं तिथे राहून तेलुगूत फक्त जेवणाची नावं शिकला होता, तो मंजुषेशी हिंदीत बोलायचा आणि दोघं मिळून इंग्रजीत भांडायचे. पोरगी हसली तर? ती हसून आईला फोनवर सांगेल, आई मावशीला, आणि घराणं कायमचं कुत्र्यावाचून ओळखलं जाणार नाही. रिक्षात बसल्या बसल्या शिवकन्येने पर्यायी ओळ रचायला घेतली. शुभ, मंगल, उंबरठा, दीप. सगळे शब्द आले. आले आणि पाहुण्यांसारखे ओळीने बसले. एकालाही मिश्रीचा वास नव्हता.

केशरबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. नव्वदी ओलांडलेली बाई, ऐकू यायचं ते सोयीने. राणीसावरगावची पोर, पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी पंधराव्या वर्षी लग्न होऊन पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात आलेली. त्यांचा सासरा निजामाच्या रेल्वेत रूळ टाकायला तेलंगणातून आलेला येल्लय्या. मराठी कारकुनाने हजेरीपटावर त्याला येडबा केलं आणि तो त्याच नावाला ओ देत मेला. त्याची बायको कोंडम्मा, तिची कोंडाबाई झाली. गावाचं नाव मेडिपल्ली होतं म्हणतात, त्याचं मेडपल्ले आडनाव झालं. हे सगळं शिवकन्येच्या लेखात तिसऱ्या पानावर होतं, 'स्थलांतरितांचा भाषिक समन्वय' या मथळ्याखाली. लेखासाठी तिने सासूची मुलाखतही घेतली होती, टेपरेकॉर्डर ठेवून. ती खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली, आणि लग्नाची, पत्रिकांची, पूर्णेच्या मंडळींची सगळी हकीकत सांगून झाल्यावर म्हणाली, की आत्याबाई, वेटिंग रूममध्ये एक तेलंगी बाई भेटली होती.

केशरबाई लांब समोरच्या इमारतीकडे पाहत होत्या. "कुत्रं म्हणली का?" त्यांनी विचारलं.

शिवकन्येला वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं की चुकीचं ऐकण्याची आपली वेळ आता संपली. तिने विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"आगं मी अठ्ठावीस साल ऱ्हायले सासूसंगं. माणूस दगडाजवळ ऱ्हायला तरी येवढं शिकतंय."

मग जे आलं ते हळूहळू आलं, मधे पाणी पिऊन, मधे खालच्या भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारून. केशरबाई नवरी होऊन आल्या तेव्हा क्वार्टरला दार नवंच बसवलेलं. आतमध्ये शिऱ्याचं पातेलं उतरून ठेवलेलं. कोंडाबाई सुनेला ओवाळायला बाहेर आली, एका हातात ताट, दुसरा पंजा कुंकवाच्या पाण्यात भिजलेला, कारण वाटी कलंडली होती. यार्डात इंजिन शिट्टी मारत होतं, काही ऐकू येईना, म्हणून तिने सुनेच्या कानाला तोंड लावलं आणि सांगितलं. पंधरा वर्षांच्या केशरला एक अक्षर कळलं नाही. तिला वाटलं, काही तरी देवाधर्माचं असणार. तिने डोळे मिटून हात जोडले. "म्या हात जोडून हुबी, आन् कुत्रं माझ्या बगलेतून आत. शिऱ्यात तोंड." कोंडाबाईने धावत जाऊन स्वतःच दार ओढलं, कुत्रं आत आणि वऱ्हाड बाहेर राहिलं, आणि फळीवर लाल पंजा उमटला. तो पुढे पुसायला कुणी धजलं नाही.

शिवकन्येने विचारलं, मग मला खरं का नाही सांगितलं? लेख लिहिताना तरी? इतक्या वेळा विचारलं मी.

"तू कवा इचारलंस?" केशरबाई म्हणाल्या. "तू म्हणायलीस, आत्याबाई, म्हणजे कुंकवाची वस्ती, नव्हं का? म्या म्हणलं, आसंल बाई. शिकलेली हायेस."

टेपरेकॉर्डर अजून घरात होता. शिवकन्येला ठाऊक होतं की कॅसेट लावली तर हेच ऐकू येईल, तिचा स्वतःचा आवाज, प्रत्येक प्रश्नाच्या पोटात उत्तर घालून ठेवलेला, आणि मधून मधून एका म्हातारीचं आसंल. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती लाजेजवळ फार वेळ थांबली नाही, कारण केशरबाई बोलत होत्या आणि आज त्यांना ऐकू येत होतं. कोंडाबाईला पुढे नवऱ्याने ताकीद दिली. नळावर बायका तिला यंडुगुंडू म्हणून चिडवायच्या, पोरं मागे लागायची, आणि जमाना पालटलेला, तेव्हा बाहेर तोंड उघडायचं तर मराठीत उघड. तिला मराठी यायचं ते बाजारापुरतं. म्हणून ती गप्प झाली. चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची. शेळीचं तेलुगू चांगलं होतं. सुनेशी मोजकं मराठी बोलायची, अवो-जावो करून, ताटात जास्तीचं वाढून, परक्याच्या लेकीशी बोलतात तसं. मरायला टेकली तेव्हा मराठी सगळं गळून पडलं, आठ दिवस तेलुगूच. मुलाला कळेना, नातवंडांना कळेना. केशरबाई उशाशी बसून सांगायच्या, पाणी मागायलीय, पाठ दुखायलीय म्हणायलीय. दिनकरराव तेव्हा शाळेत होते, त्यांना वाटायचं आई अंदाजाने बोलते.

"पर मग हेच का सांगितलं मला?" शिवकन्या म्हणाली. आपण 'पर' म्हटलं हे तिच्या लक्षात आलं नाही. "येवढं अठ्ठावीस वर्षांचं तेलुगू, त्यातलं चांगलं काही निवडायचं."

केशरबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड वळवलं. त्या जरा चिडल्यासारख्या वाटल्या, विद्यार्थ्याने पुस्तकातलाच प्रश्न विचारावा तशा.

"पाव्हण्याला कोणी दार लाव म्हणतंय का?"

त्यानंतर त्यांना पुन्हा ऐकू येईनासं झालं.

पुढचे चार दिवस शिवकन्या कामात होती. साड्यांना फॉल, आहेराची नावं, हैदराबादच्या गाडीचं आरक्षण, कॉलेजात रजेचा अर्ज, ज्यावर प्राचार्यांनी सहीच्या आधी विचारलं की मंत्र पत्रिकेवर छान शोभून दिसतो, यादवकालीन ना? ती हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. आसंल, म्हणाली. एकदा वाटलं, दिनकररावांना सांगावं. ते इस्त्रीचे कपडे मोजत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घराण्याला मंत्र असलेल्या माणसाचं समाधान होतं. तिने सांगितलं नाही. ती पर्यायी ओळ मात्र कागदावर तशीच होती, पर्समध्ये, शुभ मंगल उंबरठा दीप, आणि ती रोज एकदा काढून वाचायची. व्याकरण निर्दोष होतं. पाहुण्यांना म्हणायला उत्तम होती. लग्नात, हैदराबादच्या त्या थंडगार हॉलमध्ये, व्याही हात जोडून म्हणाले की पत्रिकेवरचा संस्कृत श्लोक फार आवडला, आणि तिने बारकाईने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. काहीच सापडलं नाही. शेजारी मंजुषा खाली मान घालून बसली होती. ती खाली मान घालून बसणाऱ्यांतली वाटत नव्हती.

परतीच्या प्रवासात सगळे झोपले, शिवकन्या जागी बसली. समोर मंजुषा आदिनाथच्या खांद्यावर कलंडलेली, मेंदी लावलेले हात मांडीवर उताणे. मंगळवारपासून ही पोर मराठी घरात मराठी ऐकणार. सगळे तिच्याशी नीट, सावकाश, पुस्तकी बोलतील, तिला जास्तीचं वाढतील, तिच्या चुकांना गोड म्हणतील, पण दार लाव असं तिला कुणी म्हणणार नाही. शिवकन्येला गोड म्हणणाऱ्यांची भीती वाटली. तिने पर्समधला कागद काढला, चार तुकडे केले आणि खिडकीतून टाकायला गेली, तर खिडकी बंद डब्याची होती. तुकडे परत पर्समध्ये ठेवले. ठरलं मात्र होतं.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या दारात गर्दी होती. लिफ्ट एकेका खेपेला चार पाहुणे आणून सोडत होती. फोटोवाला सगळ्यांना डावीकडे सरका म्हणत होता. केशरबाईंची खुर्ची आत, दारासमोर, नेमकी अशा ठिकाणी की फोटोत त्या याव्यात आणि कुणी त्यांना हलवू नये. शिवकन्येने ओवाळलं, तुकडा उतरवून टाकला. दिनकरराव मागे वळून व्याह्यांकडच्या पोरांना दबक्या आवाजात सांगत होते, की आता बघा, आता मंत्र. तिने दाराची फळी अर्धी लोटली, मंजुषेच्या कानाला तोंड लावलं. पोरीच्या केसांत मोगरा आणि आगगाडीच्या डब्याचा वास.  

"तलपुये, कुकवस्तदी."

मंजुषेचे खांदे एकदा हलले. मग तिने मान न वळवता, फोटोसाठी हसू तसंच ठेवून, ओठातल्या ओठात म्हटलं, "कार्ड पे ही समझ गई थी मैं, अत्तम्मा. पापा बोले संस्कृत है." आणि मग अगदी हळू, कुणाच्या चुकीवर पांघरूण घालावं तशा मायेने, तिने नीट करून सांगितलं: "तलुपु वेय्यी. कुक्क वस्तदी."

गोड होतं. शुद्ध होतं. वेटिंग रूममधल्या बाईने म्हटलं होतं तस्संच होतं. शिवकन्येने एक क्षण ते ऐकून घेतलं, कारण कोंडम्मा असंच म्हणाली असणार, आणि मग तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई परत कानाशी वाकली.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण आपल्याकडे असं म्हणत नाहीत. म्हण माझ्यामागं. तलपुये."

"तलुपुये," मंजुषा म्हणाली.

"लु नाही. ल. आणि कुक्क नाही, कुक. एकच क."

फोटोवाल्याने विचारलं, झालं का मॅडम. लिफ्ट पुन्हा खाली गेली. मंजुषेने एकदा म्हटलं, त्यात क दोन आले. पुन्हा म्हटलं, त्यात वेय्यी डोकावला. शिवकन्येने दोन्ही वेळा मान हलवली. आतून केशरबाई, ज्यांना एवढ्या अंतरावरचं ऐकू येणं शक्यच नव्हतं, म्हणाल्या की पोरीला घाई करू नगा, येतंय सावकाश. तिसऱ्यांदा पोरीने डोळे मिटले, कपाळाला आठी घातली, आणि आपल्या आईची भाषा जिभेवरून बाजूला सारत, एक एक अक्षर मोडत, म्हणाली:

"तलपुये, कुकवस्तदी."

"आता बरोबर," शिवकन्या म्हणाली, आणि कुंकवाचं पाणी तिच्या पुढे धरलं.